वालाचा दाणा, कमलाबाई सोहोनी आणि आकाराचा प्रश्न



इगतपुरीत पावसाळ्यात व्याख्यान ठेवायचं म्हणजे वक्त्याने पत्र्यावरच्या पावसाशी स्पर्धा करायची. तेव्हा आमचा आवाज मागपर्यंत पोचला नाही तर हात वर करा, आम्ही थांबू.

दुसरी कबुली आधीच देऊन टाकतो. आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा. जैवरसायनशास्त्राची पदवी आमच्याकडे नाही. तरीही आज आम्ही सजीवांच्या शरीरातल्या महारेणूंवर बोलणार आहोत, कारण या विषयाच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू जे काम करते, ते ती कशाची बनली आहे म्हणून करते, की ती कशी रचली आहे म्हणून? द्रव्य महत्त्वाचे की आकार? ॲरिस्टॉटलने हा प्रश्न विचारला, आपल्या न्याय आणि वैशेषिक दर्शनांनीही विचारला. विसाव्या शतकात त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळू लागले. त्या उत्तराचा एक धागा एका मराठी बाईंच्या हातून गेलेला आहे. त्यांचे नाव कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई आपल्याला ठाऊक असतात. कमलाबाई असतात का? नसतात. म्हणून आजचा हा खटाटोप.

आधी महारेणू म्हणजे काय ते पाहू. पाण्याचा रेणू तीन अणूंचा. साखरेच्या रेणूत पाऊणशेही अणू नाहीत. पण प्रथिनाच्या एका रेणूत हजारो अणू असू शकतात. एवढे मोठे रेणू असतात यावर शंभर वर्षांपूर्वी बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांचा विश्वासच नव्हता. त्यांना वाटे, लहान लहान रेणूंचा नुसता गोळा जमलेला असतो, मुंग्यांच्या थव्यासारखा. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० पासून उलट मत मांडले, की हे गोळे नाहीत, या सलग साखळ्या आहेत, एकेक कडी पक्की जोडलेली. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये.

आता हे आपल्या शिवारातच बघा. तुमच्या तालुक्यात भात सगळीकडे. भाताच्या दाण्यात स्टार्च असतो आणि पेंढ्यात सेल्युलोज. दोन्ही महारेणू, आणि दोन्ही एकाच ग्लुकोजच्या कड्या जोडून बनलेले. फरक काय? कडी कडीला कोणत्या बाजूने जोडली, एवढाच. त्या एका फरकामुळे भात आपण खातो आणि पेंढा गाय खाते. गायीलाही तो स्वतःला पचत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो फोडून देतात. द्रव्य एक, रचना वेगळी, म्हणून काम वेगळे. आमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच, बांधावर उभे राहून मिळते.

प्रथिनांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हे रेल्वेचं गाव आहे, म्हणून रेल्वेच्याच भाषेत सांगतो. एक मालगाडी डोळ्यांसमोर आणा. तिला वीस प्रकारचे डबे लागू शकतात. हे डबे म्हणजे अमिनो आम्ले. प्रत्येक कपलिंग जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. गाडी शंभर डब्यांची असेल, पाचशेची असेल. कोणत्या डब्यामागे कोणता डबा, हा क्रम ठरलेला असतो, आणि तो डीएनए नावाच्या दुसऱ्या महारेणूत लिहून ठेवलेला असतो. इथवर गाडीची उपमा चालते. पुढे ती मोडते, कारण ही गाडी रुळावर सरळ उभी राहत नाही. ती स्वतःभोवती दुमडते. ज्या डब्यांना पाणी नको, ते आत शिरतात. ज्यांना चालते, ते बाहेर राहतात. दुमडून तिचा एक ठराविक आकार होतो. त्या आकारात कुठे खाच, कुठे खळगा. प्रथिनाचे काम त्या खळग्यात चालते. गाडी उलगडली की डबे तेच, क्रम तोच, पण काम बंद.

पाचक रसातली विकरे, म्हणजे एन्झाइम, ही प्रथिनेच असतात, हे सिद्ध व्हायलाही वेळ लागला. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन आहे असे दाखवले. कशातून मिळवले? जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यातून. आपल्याकडच्या अबईची ती सख्खी चुलत बहीण. समनर यांचा डावा हात तरुणपणी शिकारीतल्या अपघातात गेला होता. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले होते. ते गेले. पुढे १९४६ मध्ये नोबेलचे मानकरी झाले.

कोणी कोणत्या वाटेला जाऊ नये, हे सांगणारी माणसं विज्ञानाच्या इतिहासात कमी नाहीत. आणि इथे आपण कमलाबाईंपाशी येतो.

कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या, रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. तेव्हा मुलीनेही तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, आणि कारण गुणांचे नव्हते. कारण एवढेच, की अर्जदार मुलगी होती. कमलाबाईंनी रामन यांच्या कार्यालयाशी सत्याग्रह केला. दिवस गांधींचे होते, शब्दाला वजन होते. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. संचालकांचे समाधान झाले तरच कामाला मान्यता. आणि त्यांच्यामुळे संस्थेतल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

या ठिकाणी रामन यांना दोष देऊन टाळ्या घेणे फार सोपे आहे. ते आम्ही करणार नाही, कारण तो अधिकार आम्हाला नाही. पंचेचाळीस एक वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात निवड समितीवर बसलो होतो. समोर एक हुशार मुलगी होती. आम्हीच तिला विचारलं, ‘लग्न झाल्यावर हे सगळं अर्ध्यावर सोडणार नाही ना?’ शेजारच्या मुलाला तो प्रश्न विचारला नाही. ती हसली, उत्तर दिलं, आणि पुन्हा आली नाही. त्या खोलीत कोणी सत्याग्रह केला नाही, म्हणून ती गोष्ट कुठे लिहिलीही गेली नाही. रामन यांच्याबद्दल एवढे म्हणता येते, की डोळ्यांसमोर काम पाहिल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि स्त्रियांना प्रवेश देऊ लागले. आम्हाला ते बदलायला जास्त वर्षे लागली.

बंगळूरला श्रीनिवासय्या हे कमलाबाईंचे मार्गदर्शक होते. काम होते दूध, कडधान्ये आणि शेंगवर्गीय पिके यांच्यातल्या प्रथिनांवर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मुंबईत त्या याच रस्त्यावर परत येतात. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या आणि १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या, फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांवरील कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले होते. कमलाबाई आधी डेरेक रिश्टर यांच्याकडे आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या.

केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या रंगद्रव्यांचे महत्त्व दाखवले होते. सायटोक्रोम म्हणजे पोटात लोहाचा अणू धरून बसलेले प्रथिन. पेशी श्वास घेते, म्हणजे अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने मोकळी करते, तेव्हा इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागतात. विहिरीवरून घागरी हातोहात पोचवाव्यात तसे. त्या रांगेतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ही रांग दिसत होती. पण झाडांचे श्वसनही याच मार्गाने चालते का? कमलाबाईंनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. १९३९ मध्ये हिल आणि भागवत या दोन नावांनी सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर ‘नेचर’मध्ये टिपण आले. बटाट्याची पेशी आणि माणसाची पेशी श्वासापुरत्या एकाच घराण्यातल्या आहेत, या समजुतीला त्या कामाने बळ दिले. पुढे १९६० च्या दशकात घोडा, यीस्ट, गहू, माणूस यांच्या सायटोक्रोम सी मधल्या ‘डब्यांचे’ क्रम शेजारी शेजारी मांडले गेले, तेव्हा ते नाते अक्षरशः वाचता आले.

कमलाबाईंचा प्रबंध चाळीसेक पानांचा होता. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत तो सादर झाला. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आमच्या क्षेत्रात सातशे पानांचे प्रबंध होतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

परदेशात राहता आले असते. त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जैवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जैवरसायनशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थी घडवले. नीरेवरच्या त्यांच्या कामाचा उल्लेख नेहमी होतो. ताडाच्या झाडाची ताजी, न आंबलेली नीरा गरीब घरातल्या मुलांना आणि गरोदर बायकांना पोषक ठरेल का, हा त्यातला प्रश्न होता. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. पण आज आम्हाला दुसऱ्याच, कमी बोलल्या जाणाऱ्या कामाकडे वळायचे आहे. ते काम वालाचे.

घाट उतरून कसाऱ्याखाली शहापूर-मुरबाडकडे गेलात, की भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. कडव्या वालाचे बिरडे सगळ्यांनी खाल्लेले आहे. आता घरातली कृती आठवा. वाल रात्रभर भिजत घालायचे. सकाळी ते पाणी फेकून द्यायचे. फडक्यात बांधून मोड आणायचे. कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. मग शिजवायचे. आमच्या घरी हे सोलण्याचे काम मुलांकडे असे, आणि आम्ही कुरकुरत असू की एका भाजीसाठी दोन दिवस कशाला? आजी म्हणे, ‘कच्चे वाल बाधतात.’ का बाधतात? ‘बाधतात म्हणजे बाधतात.’ इथे संवाद संपायचा.

१९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये सोहोनी आणि अंबे या दोघांच्या नावाने एक टिपण आले. त्यांनी वालातून आणि डबल बीनमधून एक पदार्थ वेगळा करून त्याचे स्फटिक मिळवले होते. हा पदार्थ म्हणजे ट्रिप्सिनरोधक. ट्रिप्सिन हे आपल्या स्वादुपिंडातून येणारे पाचक विकर. आपल्या मालगाडीच्या भाषेत तो कपलिंग सोडवणारा माणूस. पण तो कोणतेही कपलिंग सोडवत नाही. लायसीन किंवा आर्जिनीन हा डबा दिसला, की त्याच्या पुढचेच सोडवतो. वालातला रोधक स्वतः एक छोटे, घट्ट दुमडलेले प्रथिन. त्याच्या बाहेर आलेल्या टोकावर ट्रिप्सिनला हवा तसा डबा असतो. ट्रिप्सिन धावत येऊन त्याला पकडते आणि तिथेच अडकते, कुलपात किल्ली अडकावी तसे. पुढचे काम ठप्प. म्हणजे कच्च्या वालात प्रथिन भरपूर, आणि ते पचू न देणारी व्यवस्थाही त्याच दाण्यात.

झाड हे कशाला करते? बी म्हणजे त्याच्या लेकराची शिदोरी. ती किड्याने खाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवले, की टोमॅटोचे पान किड्याने कुरतडले की झाड असे रोधक जास्त बनवू लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतल्या अशाच रोधकांचा घाटेअळीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे हरभऱ्याच्या शेतकऱ्याचा शत्रू आणि वालाची उसळ, दोन्ही एकाच विषयाची टोके आहेत.

आता उष्णतेचा भाग, आणि इथे आमचे तत्त्वज्ञान कामाला येते. कुंभाराच्या भट्टीत कच्चे काळसर मडके लाल होते. ते कसे, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. वैशेषिक म्हणाले, उष्णतेने मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणू लाल होतात, आणि पुन्हा मडके जुळते. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, छे, मडके मडकेच राहते आणि आहे तसेच सगळे लाल होते. हा पिठरपाक. आम्ही हा वाद तीस वर्षे शिकवला, आणि उदाहरण द्यायचे म्हणून एकदा वर्गात बेधडक सांगितले, की डाळ शिजवली की प्रथिनांचे तुकडे होतात, हा पीलुपाकच समजा. शेवटच्या बाकावरची, विज्ञानाकडून कलाशाखेत आलेली एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, तुकडे नाही होत. तुकडे पोटात होतात. शिजवताना फक्त उलगडतं.’

ती बरोबर होती. चिनी शास्त्रज्ञ शिएन वू यांनी १९३१ मध्येच मांडले होते, की उष्णतेने प्रथिनाची साखळी सहसा तुटत नाही, तिची घडी मोडते. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो तो याचमुळे. १९६० च्या सुमारास क्रिस्टियन आनफिन्सन यांनी दाखवले, की उलगडलेले एक लहान प्रथिन योग्य परिस्थितीत आपोआप पुन्हा मूळच्या घडीत बसते. म्हणजे आकाराची सगळी सूचना डब्यांच्या क्रमातच असते. त्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. आमच्या दोन्ही दर्शनांना ही तिसरी शक्यता सुचली नव्हती. अवयव तेच, त्यांची जोडणीही तीच, आणि तरी अवयवी वेगळा, कारण घडी वेगळी.

वालाच्या पातेल्यात हेच होते. रोधकाची घडी पक्की आहे, गंधकाच्या पुलांनी आतून बांधलेली, म्हणून नुसती ऊब देऊन तो बधत नाही. त्याला ओलाव्यात व्यवस्थित शिजवावे लागते. भिजवण्याने आणि मोड आणण्याने तो काही प्रमाणात घटतो, शिजवण्याने बराचसा निकामी होतो. निकामी झाल्यावर तो रोधक स्वतःच अन्न बनतो. द्रव्य तेच. आकार गेला आणि शत्रूचा मित्र झाला.

आता एक प्रश्न, जो अशा व्याख्यानानंतर हमखास येतो. कोणीतरी उठून म्हणतं, ‘म्हणजे हे सगळं आपल्या आज्यांना आधीच माहीत होतं!’ मित्रहो, सावकाश घेऊ. आजीला कसे करायचे ते माहीत होते. का करायचे ते माहीत नव्हते. हा तिचा अपमान नाही. ‘कसे’ हे अस्सल ज्ञान आहे, अनेक पिढ्यांनी पोटदुखी सोसून मिळवलेले. पण ‘का’ कळल्याशिवाय ते ज्ञान एका भाजीतून दुसऱ्या भाजीत नेता येत नाही. नवी डाळ आली, नवे बियाणे आले, शिजवण्याची पद्धत बदलली, तर आजीच्या नियमाकडे उत्तर नाही. रोधकाची रचना ज्याला ठाऊक आहे, तो उत्तर शोधू शकतो. उलट जे म्हणतात की स्वयंपाकघरात कसले आले विज्ञान, त्यांना वालाचा दाणा हातात घेऊन तो प्रश्नच सुचला नसता. कमलाबाई दोन्ही बाजूंच्या होत्या. वाल सोलणाऱ्या घरातल्या, आणि स्फटिक मिळवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या. पहिल्या वर्षी त्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्यांनी हा प्रश्नही दाराबाहेर ठेवला असता.

याचे आपल्या तालुक्याशी काय? भात-नागलीच्या प्रथिनात लायसीन कमी असते, डाळींत ते भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. म्हणून भाकरीबरोबर उसळ आणि भाताबरोबर वरण. पण वाड्यापाड्यावर ज्या घरात डाळ महाग म्हणून पातळ होत जाते, किंवा सरपण वाचवायचे म्हणून अर्धीकच्ची उतरते, तिथे पोराच्या ताटात प्रथिन दिसते तेवढे मिळत नाही. महारेणूंचा विषय तिथे परीक्षेचा राहत नाही.

कमलाबाई पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या, तेही हक्क असताना काही वर्षे थांबावे लागल्यावर. निवृत्तीआधीपासूनच त्या ग्राहक चळवळीत होत्या, भेसळ कशी ओळखावी हे सामान्य माणसाला सांगत. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्याच सत्काराच्या समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या. अटी घालून सुरू झालेली गोष्ट सत्काराशी येऊन संपली. मधली पासष्ट वर्षे मात्र कामाची होती.

आम्हाला दुरुस्त करणारी ती शेवटच्या बाकावरची मुलगी आज कुठे आहे, ठाऊक नाही. निवड समितीसमोरून गेलेलीही नाही. इथे पुढच्या रांगेत शाळेतल्या मुली बसल्या आहेत. त्यांना एवढेच सांगतो, की उद्या घरी वाल भिजत पडले, तर ‘का’ विचारा. आणि ‘बाधतात म्हणजे बाधतात’ एवढ्यावर गप्प बसू नका.

आता प्रश्न असतील तर घेऊ. पाऊसही थोडा कमी झालाय.